अकरावा प्रश्न

२ जानेवारी

ही वही चष्मेवाल्याने दिली. शेजारीच दुकान असल्यामुळे दर वर्षी देतो, आणि दर वर्षी ती फोनजवळ कोरी पडून राहते. यंदा लिहिणार आहे, कारण यंदा एक काम अंगावर घेतलंय.

आज छत्तीस पेशंट झाले. गाजर खाल्लं की चष्मा जातो का, हे चौघांनी विचारलं. चौथ्या बाईंना मी म्हणालो, सशाला विचारा. त्या हसल्या नाहीत. एकतीस वर्षं तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. मोतीबिंदू पिकू द्यायचा का, चष्मा लावला की नंबर वाढतो का, पापणी फडफडते ती कशाने. माझा अर्धा दिवस यात जातो आणि डोळा बघायला उरलेला अर्धा. म्हणून ठरवलं की नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका छोट्या पुस्तिकेत छापायची. माणूस आला की हातात ठेवायची आणि विषय संपवायचा.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "लोक उत्तरासाठी कुठे विचारतात? बोलायला म्हणून विचारतात."

"मग तुझ्याशी बोलू देत. बाहेरची खोली तुझीच आहे."

आहेच तिची. दवाखाना उघडला त्या दिवसापासून बाहेर ती बसते. केसपेपर लिहिते, डोळ्यांत थेंब घालते आणि सहा मीटरवरच्या तक्त्यापाशी उभी राहून विणकामाच्या जुन्या सुईने एकेक अक्षर दाखवते. पेशंट वाचतो, ती 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणते आणि आकडा लिहून आत पाठवते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. तिने टायपिस्टची नोकरी धरली आणि मला डॉक्टर केलं. लग्नाचं विचारलं की म्हणायची, आधी छोट्या मार्गी लागू दे. छोट्या मार्गी लागला तोवर विचारणारं कोणी राहिलं नव्हतं.

पेशंट स्वतः प्रश्न लिहून देणार नाहीत. ताई त्यांचे ऐकून चिठ्ठ्यांवर उतरवून ठेवणार आहे. दवाखाना बंद करताना मी उत्तरं लिहायची आणि तिला वाचून दाखवायची, असं ठरलं.

४ जानेवारी

ताईचा नवा चष्मा आला, दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आम्ही एकमेकांचे डोळे तपासतो, ही आमची जुनी पद्धत. आधी मी खुर्चीत बसतो आणि ती सुई घेते, मग उलट. या वेळी मी शेवटची ओळ जरा भरभर म्हटली तर मला दटावलं, "पाठ म्हणू नकोस, बघून वाच." मग स्वतः बसली आणि दोन्ही डोळ्यांनी, एकेक झाकून, खालपर्यंत न अडखळता वाचून मोकळी झाली. सदुसष्टाव्या वर्षी. मी म्हटलं, तुझे डोळे माझ्याहून चांगले. जवळचा नंबर तेवढा थोडा वाढवला. बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतून बघायचं याही वर्षी राहिलं. ती घालूच देत नाही. म्हणते, चार तास धूसर दिसणार, मग बाहेर कोण बसणार? तिसरं वर्ष हे. पण खालची ओळ वाचणाऱ्या माणसाच्या आत काय बघायचं?

१७ जानेवारी

पुस्तिका जोरात आहे. दहा उत्तरं झाली. लिहायला लागल्यावर हात बसतो हे खरं. ताई समोर बसून ऐकते, मध्येच 'हं' म्हणते. तिला एकदा ऐकलं की पाठ होतं. पेशंटांचे फोन नंबरसुद्धा ती वहीत बघत नाही.

आजची चिठ्ठी: नवीन चष्म्यातून दाराची चौकट वाकडी दिसते. काय करावं?

दहा मिनिटांत लिहिलं. तसंच्या तसं उतरवतो, कारण या सगळ्यात मला हेच जास्त जमलंय असं वाटतं.

"नवीन चष्मा हा नवीन पाहुणा आहे, त्याला रुळायला वेळ लागतो. चौकट जागच्या जागी आहे, घाई आपल्याला आहे. सहा आठवडे चष्मा नेटाने वापरा. ऊठसूट डॉक्टरकडे धावू नका."

वाचून दाखवलं. ताईने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "सहा आठवडे म्हणजे सहाच?"

"बेचाळीस दिवस. मोजून."

"आणि त्याच्या आत डॉक्टरला विचारलं तर?"

"तर डॉक्टर हेच सांगणार आणि वर चिडणार."

ती हसली. हा अकरावा प्रश्न.

२८ जानेवारी

आज बाहेर जाऊन ताईला चार पेशंटांसमोर बोललो. केसपेपरवर नाव एका रेघेवर सुरू होतं आणि दोन रेघा खाली जाऊन संपतं. वयाच्या रकान्यात पत्ता. मी म्हटलं, "ताई, हे काय गिचमिड? शाळेत मला अक्षरावरून कोण मारायचं?" ती म्हणाली, "घाईत झालं असेल, डॉक्टर." पेशंटांपुढे ती मला डॉक्टरच म्हणते.

बायकोचा फोन आला होता. ती मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, अजून चार महिने येत नाही. माझी आणि नातवाची ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाली, "ताईंचं काय बिनसलंय? फोनवर आवाज उतरलेला वाटतो. जरा लक्ष द्या." मी म्हटलं, रागावलोय तिच्यावर, दोन दिवसांत ठीक होईल.

६ फेब्रुवारी

एकोणीस उत्तरं. एक चिठ्ठी बाजूला टाकली. प्रश्न असा: एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि दुसऱ्यावर भागत असेल, तर घरच्यांना सांगावं का?

हे पुस्तिकेत कसं घ्यायचं? मी चिठ्ठी चुरगाळली. ताई समोरच होती.

"हे का नाही घेतलं?"

"हा डोळ्यांचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

"घरातला. सांगायचं तर सांगा, नसेल तर नका सांगू. मी काय पुरोहित आहे?"

"ती बाई परत विचारेल. काय सांगू तिला?"

"सांग, डॉक्टरांकडे त्यावर औषध नाही."

ती उठली आणि दिवे बंद करायला गेली. टोपलीत पडलेली चिठ्ठी मागाहून तिनेच उचलली असावी. झाडणाऱ्या बाईला कचरा जास्त झालेला तिला आवडत नाही.

१४ फेब्रुवारी

एक म्हातारे मास्तर तक्रार घेऊन आत आले. "तुमच्या ताई थेंब गालावर टाकतात. तीन वेळा गाल धुतला माझा." आम्ही दोघंही हसलो. मास्तर गेल्यावर मी ताईला आत बोलावून रक्तदाब बघितला. ठीक निघाला. हात पुढे करायला लावले, तर किंचित थरथरत होते. वय झालं, दुसरं काय. मी म्हटलं, थेंब घालायला आणि तक्त्यावर एखादी मुलगी ठेवू या, तू नुसती बसून देखरेख कर.

तिने माझा हात धरला. बरीच वर्षं असं कधी केलं नव्हतं. "छोट्या, मला घरी बसवू नकोस. तिथे मी दिवसभर काय करू?"

मी म्हटलं, कोण बसवतंय तुला? विषय तिथेच सोडला. हातात कामं होती, पुस्तिकेची शेवटची पानं छापखान्यात जायची होती.

२८ फेब्रुवारी

पुस्तिका आल्या! दोन हजार प्रती, फिकट निळं मुखपृष्ठ, आत तीस प्रश्न. छापखानेवाला स्वतः गठ्ठे घेऊन आला. शाईचा वास अजून हाताला आहे. दुपारपर्यंत साठ वाटल्या.

सकाळी दवाखान्यात शिरताना ताई म्हणाली, "आज बेचाळीस झाले."

"कसले?"

"काही नाही. छोट्या, आज सगळे गेले की मला जरा बघशील का?"

मी म्हटलं बघतो. पण गठ्ठे आले, चष्मेवाला पेढे घेऊन अभिनंदन करायला आला, त्यात तक्त्यामागच्या दिव्याची नळी गेली आणि बाहेरची खोली अंधारी झाली. ताई एका बाजूला भिंतीला टेकून उभी होती. म्हटलं, सोमवारी बघू. ती बरं म्हणाली.

नळी बदलण्यापेक्षा तक्ताच बदलतो आता. औषध कंपनीने दिलेला नवा कपाटात पडूनच आहे. एकोणीस वर्षं झाली जुन्याला.

३ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, घडलं तसं.

सोमवारी सकाळी ताई येण्याआधी इलेक्ट्रिशियनने नवा तक्ता लावला. तिला सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. साडेदहाला बँकेतली एक तरुण मुलगी आली, डोकं दुखतं म्हणून. मी आत होतो, दार उघडं होतं. मुलगी वाचत होती आणि ताई म्हणत होती, चूक. पुढचं? चूक. हेही चूक. मुलीचा आवाज रडवेला झाला. ती केसपेपर घेऊन आत आली आणि म्हणाली, "मला जे दिसतंय तेच मी वाचतेय. त्या चूक म्हणतात. माझे डोळे गेलेत का?"

मी तिचे डोळे बघितले. उत्तम होते. कागदावर ताईने लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीच्या पुढे दिसत नाही.

मी बाहेर आलो. ताई सुई घेऊन तक्त्यापाशी उभी होती. बाकावर पाच-सहा जण. मी म्हटलं, "ताई, जरा खुर्चीत बस." ती बसली. तिने आपणहून डावा डोळा झाकला. मी सुई नव्या तक्त्याच्या वरच्या अक्षरावर ठेवली.

तिने जुना तक्ता म्हणायला सुरुवात केली. मी सुई हलवत होतो आणि ती त्या लयीत म्हणत होती. समोर एक अक्षर, तिच्या तोंडी दुसरं. चौथी ओळ, पाचवी, खालची, शेवटची, न अडखळता. बाकावरच्या एका माणसाने माझ्याकडे बघितलं. शेवटच्या अक्षराला तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "बरोबर ना?"

मी म्हटलं, बरोबर.

पेशंटांना घरी पाठवलं. तिच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास बाहेरच्या खोलीत तिच्या शेजारी बसून राहिलो. मग आत नेऊन बघितलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जुना पांढरा व्रण, निदान दोन वर्षांचा. उजव्या पडद्याच्या मधोमध पाणी आणि ताजं रक्त. ज्या माणसाला रेषा वाकड्या दिसतात त्याच्या डोळ्यात असंच असतं, हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे. अशा माणसाला त्याच दिवशी बघायचं असतं, हेही.

५ मार्च

पडद्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. हा कधी काळी माझ्या हाताखाली शिकलेला. परवा पहिलं इंजेक्शन. ताईला बाहेर बसवून मी त्याला म्हटलं, मला गोल गोल सांगू नकोस. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सर, सुरुवातीला आल्या असत्या तर नजर राखता आली असती. सहा आठवडे म्हणजे फार झाले या आजारात."

घरी विचारलं, डाव्याचं कधीपासून?

"दोन वर्षं होत आली. तुला म्हटलं होतं की मध्ये डाग दिसतो. तू म्हणालास, चष्मा पूस."

मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे नक्कीच म्हणालो असणार.

"मग दर वर्षी वाचलंस ते?"

"वाचलं म्हणजे म्हटलं. तू घरी बसवलं असतंस. उजवा चांगला होता रे, काम निभत होतं. चष्मा बदलला आणि तोही वाकडं दाखवायला लागला. मला वाटलं नव्या काचांचं असेल."

"मला का नाही विचारलंस, ताई?"

"विचारलं की. चिठ्ठीवर."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. माझ्यासमोर माणूस बसलं असतं तर मी विचारलं असतं की चष्मा काढूनही वाकडं दिसतं का, एकेक डोळा झाकून बघितलं का, कोणत्या डोळ्याला दिसतं. रोज विचारतो. चिठ्ठीला काय विचारणार? चिठ्ठीला मी विनोद लिहून दिला. आणि ते माणूस तर समोरच बसलं होतं, दीड हातावर, माझा शब्द झेलत.

चुरगाळलेल्या चिठ्ठीचं मी विचारलं नाही.

४ एप्रिल

काल दुसरं इंजेक्शन झालं. फरक नाही. इंजेक्शनला ती घाबरत नाही, मीच बाहेर घामाघूम होतो.

वाटलेल्या पुस्तिकांतल्या एकशे दहा परत मिळाल्या. वाटल्या त्या दोन दिवसांचे केसपेपर काढून एकेकाला फोन केले. तीन फोन लागत नाहीत. ते तीन आकडे मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेत, रोज लावतो. एका गृहस्थांनी विचारलं, एवढी काय चूक होती? मी म्हटलं, छापखान्याची. फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली. पुन्हा लावून सांगितलं, माझी.

बाहेर मुलगी ठेवली आहे. चुणचुणीत आहे. ताई अजून येते, बाकावर पेशंटांमध्ये बसते. लोक तिलाच प्रश्न विचारतात. परवा एका बाईंना सांगताना ऐकलं, "आमचे डॉक्टर चांगले आहेत हो. जरा तापट, पण विचारायला घाबरू नका."

१८ मे

तिसऱ्या इंजेक्शननंतरची तपासणी. उजव्या डोळ्यातही आता व्रण धरला. माझ्या विद्यार्थ्याने यंत्रावरचं चित्र माझ्याकडे फिरवलं. मला वाचता येतं. यापुढे इंजेक्शनं नाहीत. कडेकडेचं तिला दिसत राहील, घरात वावरता येईल. मधलं परत येणार नाही.

परतताना रिक्षात ती माझ्याकडे वळून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "तुझे कान दिसतात. मोठे आहेत, लहानपणी चिडवायचे ना तुला? तोंड नाही दिसत."

मी म्हटलं, तोंड बघण्यासारखं नाहीच.

"असं नको म्हणू. मला बघायचं होतं."

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी म्हटलं होतं." मला दोष देत नव्हती, रडत होती. या घरात मला कोणी दोष देत नाही. तो मी कुठे नेऊन ठेवू, हे कोणी सांगत नाही.

२४ मे

रविवार. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन बसलो होतो. अकराव्या प्रश्नाचं नवं उत्तर पट्ट्यांवर छापून आणलंय. जुन्यावर डिंकाने चिकटवायची. चारशे झाल्या. सगळ्या जाळून टाकाव्यात असंही वाटलं होतं. पण बाकीच्या एकोणतीस उत्तरांत खोट नाही आणि त्यांतल्या एखाद्याने कोणाचं तरी काम होईल.

ताई हाताने खुर्ची शोधून समोर बसली. "काय चाललंय?"

"पुस्तिका."

"छापून आलेली मी ऐकलीच नाही. वाच ना."

मी पहिल्यापासून वाचू लागलो. मोतीबिंदू, नंबर, पापणी. ती पूर्वीसारखी 'हं' म्हणत होती. दहावा संपला. मला पान उलटून पुढे जाता आलं असतं, तिला कळलं नसतं. मी वाचलं, "नवीन चष्म्यातून दाराची चौकट वाकडी दिसते. काय करावं?" आणि खाली पट्टीवरचं: "एकेक डोळा झाकून बघा. एका जरी डोळ्याला रेषा वाकडी दिसली तर चष्म्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डोळे तपासून घ्या."

ती 'हं' म्हणाली नाही.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. आणि तिने म्हणून दाखवलं. "नवीन चष्मा हा नवीन पाहुणा आहे, त्याला रुळायला वेळ लागतो. चौकट जागच्या जागी आहे, घाई आपल्याला आहे. सहा आठवडे चष्मा नेटाने वापरा. ऊठसूट डॉक्टरकडे धावू नका." एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी जिथे हसण्यासाठी थांबलो होतो, तिथे तीही थांबली.

"ते चुकीचं होतं, ताई. मी चुकीचं लिहिलं होतं."

"हो का," ती म्हणाली. तिने हात पुढे करून पान चाचपलं. पट्टीची कड तिच्या बोटाला लागली. "कोपरा सुटलाय. नीट दाब."

मी कोपरा दाबून धरला. डिंक वाळेपर्यंत दाबून धरला. ती वाट बघत होती.

"पुढचा वाच," ती म्हणाली.

बारावा प्रश्न गाजराचा होता. मी तो वाचला.